राहीबाईंच्या गोळ्यांचा वानोळा

पुणतांब्याच्या सूर्यभानला देवानं दोन गोष्टी भरभरून दिल्या होत्या. एक चिकाटी, आणि दुसरी राहीबाई मावशी. पहिली सगळी दुसरीवर खर्च होत होती.

नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात पोटातल्या जंतूवर संशोधन चाललं होतं. त्यात घेतलेल्या पेशंटांना सांभाळायचं काम सूर्यभानकडे होतं. राहीबाई त्या पेशंटांपैकी एक, त्याच्या गल्लीतल्याच. त्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवलेली, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोजची. त्यात पोटातल्या जखमेतून रक्त गेलं आणि म्हातारी मरता मरता वाचली. जखम जंतूनं केलेली. डॉक्टरांनी सूर्यभानला बजावलं होतं, "गोळी थांबवली तर हृदय धोक्यात. चालू ठेवली आणि जंतू राहिला, तर पुन्हा रक्त जाईल. जंतू गेलाच पाहिजे."

दोन आठवड्यांचा गोळ्यांचा कोर्स झाला. मग जंतू गेला का ते बघायला उपाशी पोटी पिशवीत फुंकर मारायची तपासणी. सूर्यभाननं मावशींना जीपमध्ये घालून नगरला नेलं. नर्स रेश्मानं विचारलं, "आजी, काही खाल्लं-प्यालं नाही ना?"

"पान्याचा थेंब न्हाई."

"मग दात काळे कशानं?"

"मिश्री हाय ती. मिश्री काय खात्यात व्हय? दातांना लावत्यात."

तपासणी पुढे ढकलली. परतीच्या वाटेवर मावशी बाभळेश्वरपर्यंत रेश्माच्या लग्नाची काळजी करत होत्या.

पुढच्या खेपेला तो पहाटेच दारात हजर झाला आणि मिश्रीची डबी स्वतःच्या खिशात घातली. मावशींनी त्याला पाकीटमार ठरवलं. पण फुंकर अशी मारली की पिशवी टम्म! चुलीपुढे जन्म गेलेला, फुंकणी कोळून प्यालेली बाई ती.

जंतू जिवंत निघाला. नुसता जिवंत नाही, मजेत.

"गोळ्या सगळ्या घेतल्या होत्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळ्या संपल्या," मावशी म्हणाल्या. रिकामी पाकिटं सूर्यभाननंच तर गोळा केली होती. मावशींना घरी सोडायला आला तर कुंपणावरून शेजारच्या छबूबाई म्हणाल्या, "सूर्यभाना, त्या गोळ्या अजून हायेत का रं? लई गुण आला बघ मला."

सूर्यभानच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि पोटात आग.

"मावशी! तुम्ही गोळ्या वाटल्या?"

"मंग? तिच्या बी पोटात जळजळ हुती. तिच्या झाडाचे पेरू आधी आमच्याकडं येत्यात. मी एकलीच कशी गिळू? सकाळची मी घ्यायची, सांजची ती."

"अहो, औषध म्हणजे पेरूचा वानोळा नाही!"

"तुमच्या दवाखान्यानंच एवढ्या गाठोडंभर दिल्या. एका मानसाला का कुनी एवढं देतं?"

त्यानं छबूबाईंना त्यांच्या तपासणीसाठी निराळं नेलं, आणि डॉक्टरांनी मावशींना नवा, जास्त कडक कोर्स दिला. गोळ्या सूर्यभाननं स्वतःच्या घरी ठेवल्या. सकाळ-संध्याकाळ तो त्या वेळेपुरत्या गोळ्या आणायचा, मावशींसमोर बसायचा, गिळून झालं की "आ करा" म्हणायचा. गल्लीतल्या बायका आपापली धुणी सोडून हा सोहळा बघायला यायच्या.

चौथ्या दिवशी तो आला तो पोट धरूनच. दवाखान्याच्या जीपनं दगा दिलेला, दुपारचं जेवण राहिलेलं, छातीपर्यंत जळजळ. मावशींनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, हातावरची गोळी पुढे केली आणि मायेनं म्हणाल्या,

"घे रं बाळा. तुझंच लई जळतंय."

सूर्यभाननं गोळीकडे पाहिलं. क्षणभर, देवाशपथ, त्याला मोह झाला. मग त्यानं ती उचलली, मावशींच्या तोंडात घातली, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाला,

"आ करा."