पूजेतली बंदूक

भोरचे मुबारकभाई बंदुकीची सुरक्षा शिकवणारे शिक्षक तयार करतात. त्यांना डावा डोळा नाही. अकरा वर्षांपूर्वी ते फौजेतून सुट्टीवर आले असताना मार्गासनीच्या मानसिंगनं त्यांना दसऱ्याला घरी बोलावलं होतं. पूजलेली बंदूक दिवसभर उघडायची नाही, ही मानसिंगच्या घरची रीत. "रिकामीच हाय," म्हणत त्यानं ती उचलली आणि बार उडाला. पोलिसांना मात्र त्यानं सांगितलं, काडतूस मुबारकनंच घातलं. डोळ्यामागोमाग नोकरीही गेली.

यंदा तोच मानसिंग शिक्षक व्हायला आला. मुबारकभाईंनी त्याला चहा पाजला, महिनाभर मन लावून शिकवलं. बंदूक हातात आली की आधी उघडायची, हे रोज घोकून घेतलं. परीक्षा मुद्दाम दसऱ्याला ठेवली. टेबलावर हळदकुंकू लावून, झेंडू वाहून बंदूक ठेवली.

"घ्या, रिकामी हाय," मुबारकभाई म्हणाले.

मानसिंगनं बंदुकीला हात जोडले आणि न उघडताच ती खांद्याला लावली.

मुबारकभाईंनी ती काढून घेतली, उघडली आणि आतलं खोटं काडतूस वर्गातल्या पंधरा जणांसमोर त्याच्या तळहातावर ठेवलं.

"ह्या खेपेला म्याच घातलंय," ते म्हणाले. "त्या खेपेला कुणी घातलं व्हतं, ते सांगा आता ह्यास्नी."