शेजाऱ्यांची मतं

लेकीला शाळेत एका देशावर बोलायचं होतं. इतर मुलांना जपान, ब्राझील असे भरभक्कम देश मिळाले. हिच्या चिठ्ठीत लिश्टनस्टाइन निघालं. युरोपातल्या डोंगरांत चिमटीत मावेल एवढा देश. मी नुकतीच दुबईहून कार-लिफ्टने, म्हणजे चौघांनी भाडं वाटून घेतलेल्या गाडीतून, शारजाला अल नहदातल्या घरी पोचले होते. इत्तिहाद रोडवर त्या गाडीत कुणी कुणाशी बोलत नाही. बोलायचं त्राणच उरलेलं नसतं.

मी भेंडी चिरत होते आणि ती माहिती ऐकवत होती. त्या देशाला विमानतळ नाही. सैन्य नाही. समुद्र नाही, आणि त्याच्या शेजाऱ्यांनाही नाही. त्यांचा राष्ट्रीय दिवसही पंधरा ऑगस्ट, आणि त्या दिवशी तिथला राजा लोकांना किल्ल्यावर बोलावून खाऊ-पिऊ घालतो. मी नुसतं हं हं करत होते. तिथले निम्म्याहून जास्त नोकरदार सकाळी सीमेपलीकडून येतात नि संध्याकाळी परत जातात, हे ऐकल्यावर मात्र सुरी थांबली.

"त्यांना ट्रॅफिक लागतो का, ते दिलंय कुठे?"

"आई, बी सीरियस."

सीरियस तर मी होतेच. नवऱ्याच्या कंपनीने इथलं ऑफिस बंद करायचं ठरवलं होतं. घर, शाळा, आम्हा सगळ्यांचे व्हिसा, सगळं त्याच्या नोकरीवर उभं. दुसरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळून पुणे. परीक्षा होईपर्यंत लेकीला काही सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. ती आमच्या मराठीला इंग्रजीतून उत्तर देते, त्यामुळे भरभर मराठीत बोललं की तिला कळत नाही असं आम्ही खुशाल धरून चाललो होतो. जेवताना तिच्यासमोरच सगळं बोलायचो. "इन्शाल्ला, होईल काहीतरी," नवरा म्हणायचा. तो खरंच आशेवर होता. मला मात्र परत जायचंच होतं. त्या रस्त्याचा, उन्हाचा, इमारतीतल्या लिफ्टसमोरच्या रांगेचा मला वीट आला होता. हे मी त्यालाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर आमच्या मजल्यावरची दारं उघडी, आणि दारादारांत लोक हात वर करून उभे. समोरच्या मल्याळी आंटी, कोपऱ्यातले लाहोरचे अंकल, शेजारची फिलिपिनो नर्स. आंटींनी तर दोन्ही हात वर केले होते. मधोमध आमची लेक.

"हे काय चाललंय?"

"त्या कंट्रीत बाहेरच्या माणसाला सिटिझन करायचं का, ते नेबर्स व्होट करून ठरवतात," ती म्हणाली. चक्क मराठीत. "म्हणून मी विचारलं. आम्ही राहू का इथे?"

"हमारा वोट पक्का है, बेटा," आंटी म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा व्हिसा मुलाच्या नोकरीवर होता. अंकल दरवर्षी सामान बांधायची भाषा करतात. हात वर केलेल्यांपैकी इथे कायमचं राहणारं कुणीच नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. रोज. आय नो मराठी, आई."

मला लाज वाटली आणि त्याहून जास्त थकवा आला. तेवढ्यात ती म्हणाली, "ॲण्ड यू? तुझं व्होट?"

सगळे माझ्याकडे बघत होते. एका हातात ऑफिसची पर्स होती, दुसऱ्यात भाजीची पिशवी. हात कुठे मोकळा आहे, असं मी हसून दाखवलं.

"ओके, यू आर टायर्ड," असं म्हणत तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

हात मोकळा झाला. तो वर गेला नाही.