नकाशावरचं बोट

सहल कंपनीच्या ऑफिसात माझ्या शेजारी साठीचं एक जोडपं बसलं होतं. टेबलाच्या काचेखाली देशाचा मोठा नकाशा होता. बाईंनी कच्छच्या रणावर बोट ठेवलं. नवऱ्याने ते बोट धरलं, उचललं आणि सरळ सिमल्यावर नेऊन टेकवलं.

"रणात काय, मीठ बघायचंय?" तो हसला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "हिला काही कळत नाही हो."

मी हसले नाही. मला त्या माणसाचा इतका राग आला की मी कशासाठी आले होते तेच विसरले. केवढा हा देश! बर्फ, वाळवंट, जंगलं, तिन्ही बाजूंना समुद्र. आणि एवढ्या पसाऱ्यातली एक जागासुद्धा या बाईंना आपल्या मनाने निवडता येऊ नये? आजवरच्या किती सुट्ट्या अशाच त्याच्या मुठीत गेल्या असतील!

"मग सिमलाच ना?" त्याने विचारलं.

"येईन मी," बाई शांतपणे म्हणाल्या. "सगळीकडे येतेच. फक्त तिथे गेल्यावर 'किती छान आहे ना' असं मला विचारू नका. या वेळी मी हो म्हणणार नाही."

त्याचं हसू मावळलं. मला फार बरं वाटलं.