अकराव्या प्रकरणातला समुद्र

थळच्या कोळीवाड्यातल्या शाळेत आज मैनाबाईंचा केवढा दरारा आहे! त्या रस्त्याने निघाल्या की होड्या हाकणारे मोठे मोठे तांडेलसुद्धा विडी विझवतात. ही बाई चौदा वर्षांची असताना स्वतःच्या आईला ओळख द्यायला लाजली होती, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. पण ते लपवण्यात अर्थ नाही. मैनाबाई स्वतःही लपवत नाहीत.

साल त्रेपन्न. मैना सातवीत होती, आणि कोळीवाड्यातली एवढी शिकलेली ती पहिलीच मुलगी. श्रीवर्धनहून बदलून आलेल्या महादेव गुरुजींनी तिला बक्षीस म्हणून एक कादंबरी दिली, तिच्याच वयाच्या मुलामुलींसाठी लिहिलेली. नायिका अंबिका, कोळ्याचीच पोर. "मी जन्माला आले ती कशासाठी?" असं ती स्वतःला विचारते आणि उत्तर शोधायला घर सोडून शहरात जाते. मैनाने ते पुस्तक पाच वेळा वाचलं. हा प्रश्न तिच्याही मनात घोळत होता, पण तो असा विचारता येतो हे तिला ठाऊक नव्हतं.

प्रश्न मिळाला तिथवर ठीक होतं. पोरीने उत्तरही पुस्तकातलंच उचललं. काहीतरी व्हायचं तर इथून निघायचं, एवढंच तिच्या डोक्यात बसलं. मग तिला माशांचा वास सहन होईना. ती घरात छापील बोलू लागली आणि आयची एकाएकी आई झाली. एके दिवशी तर कहरच झाला. अलिबागच्या बाजारात आई नीराबाई माशांची पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. शाळेतल्या दोन मुली समोरून येताना दिसल्या तशी मैना आईजवळून उठली आणि भांड्यांच्या दुकानाशी जाऊन उभी राहिली, जणू ही बाई आपली कुणीच नाही.

नीराबाईने ती गोष्ट घरी नेली नाही. पण बाजारातली गोष्ट कोळीवाड्यात पोचायला वेळ लागत नाही. बाप विठोबा मुळात कमी बोलणारा. शिमग्यानंतर शाळा बंद, एवढंच त्याने सांगितलं. सातवीची परीक्षा शिमग्यानंतर होती.

हिचं डोकं ज्याने फिरवलं ते पुस्तक आहे तरी काय, असं शेजारच्या वेणूबाईने विचारलं, तेव्हा मैनाला आशा वाटली. बायकांना पुस्तक आवडलं तर त्या आपल्या बाला समजावतील. पौष महिना होता. बायका काठ्यांवर बोंबील वाळत घालत होत्या आणि मैना खाली बसून मोठ्याने वाचत होती. अंबिकेचा प्रश्न आला तेव्हा बायकांचे हात थांबले. वेणूबाईने तर पदराने डोळे पुसले. मैना आणखी मोठ्याने वाचू लागली.

पण अकरावं प्रकरण आलं आणि घात झाला. पौर्णिमेचा चंद्र डोंगराआडून वर येतोय, भरतीचं पाणी अंगणाला लागलंय आणि अंबिका त्या पाण्यात पाय सोडून बसली आहे. बायका हसत सुटल्या. पुनवेचा चांद उगवतो तेव्हा पाणी ओहोटीने पार आत गेलेलं असतं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

मैना संतापली. छापलेलं चुकेल कसं, असं तिने तावातावाने विचारलं. पुनव परवावरच आहे, जाऊन बघ, असं नीराबाईने शांतपणे सुचवलं.

मैना गेली. चंद्र वर आला तेव्हा समोर नुसती ओली वाळू पसरली होती, आणि पाणी इतकं लांब की त्याचा आवाजही नीट येत नव्हता. चौदा वर्षं ती याच किनाऱ्यावर राहत होती आणि तिला हे दिसलं नव्हतं. तिथेच बसून ती रडली. घरी येऊन तिने पुस्तक कोपऱ्यात फेकलं. सगळंच खोटं असणार, अंबिका खोटी आणि तिचा प्रश्नही खोटा, असं ती म्हणाली.

नीराबाईने पुस्तक उचललं, झटकलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. "त्याचा दर्या चुकलाय," ती म्हणाली. "पोरीच्या मनातला न्हाय चुकला. फुडं वाच."

दुसऱ्या दिवशी मैनाने लेखकाला पत्र लिहिलं. प्रकाशकाचा पत्ता गुरुजींनी शोधून दिला. महिन्याभराने उत्तर आलं. लेखक पुण्याचे गृहस्थ. समुद्र त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिला होता, तोही भरदुपारी. त्यांनी चूक मोकळेपणाने कबूल केली होती. पुढच्या आवृत्तीसाठी भरती-ओहोटीची सगळी माहिती हवी आहे, ती तुमच्याकडून मिळेल का, असं त्यांनी विचारलं होतं. चौदा वर्षांच्या मुलीला त्यांनी 'तुम्ही' म्हटलं होतं.

जाळं विणत बसलेल्या विठोबाने ते पत्र मैनाकडून दोनदा वाचून घेतलं. मग जाळं बाजूला सारलं आणि म्हणाला, "लिव."

तीन संध्याकाळी तो बोलत होता. कुठल्या तिथीला पाणी किती वाजता भरतं, अष्टमीला त्याचा जोर का ओसरतो, उधाणात होडी कुठे बांधायची, कुठला वारा सुटला की माघारी फिरायचं. आपला बा एवढं जाणतो हे मैनाला माहीतच नव्हतं. ती लिहून वाचून दाखवायची, तो चुका काढायचा. बापाचा असा अभिमान तिला कधी वाटला नव्हता, आणि बाजारातल्या त्या दिवसाची अशी शरमही कधी वाटली नव्हती.

तिसऱ्या संध्याकाळी आठ पानं भरली. विठोबा म्हणाला, "शिमग्यानंतर बी शाळंत जा. अजून लय सांगायचं हाय. लिवनारं मानूसच नव्हतं आमच्यात."

मैनाने मान हलवली. शेवटच्या पानाखाली सही करायची राहिली होती. आधीच्या पत्रात तिने 'कु. मैना, इयत्ता सातवी' एवढंच लिहिलं होतं. या वेळी तिने सावकाश, ठळक अक्षरांत लिहिलं, 'मासे विकणाऱ्या नीराबाईची आणि विठोबा तांडेलाची मुलगी मैना, कोळीवाडा, थळ.' आणि शाई वाळायच्या आत ते आयला वाचून दाखवलं.