मुंगसाची वाट

आईला बंगळुरूला आणायचं तर आधी तिच्या कोंबड्यांना आणावं लागेल, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. वडील गेल्यावर ती निपाणीजवळच्या आमच्या गावी एकटीच राहत होती. मी एकुलती एक. दर सुट्टीत गावी जाऊन मी तिला हात जोडायचे, रडायचे, शेवटी चिडायचे, आणि ती दर वेळी एकच पालुपद लावायची, "माझ्या कोंबड्यांस्नी कोन बघंल?" खरं कारण निराळं होतं. लेकीकडे चार दिवस राहून यावं, पण जावयाच्या अन्नावर म्हातारपण काढू नये, असं तिच्या पिढीच्या हाडीमासी रुजलेलं. ते ती तोंडानं कधी म्हणाली नाही. कोंबड्यांना पुढे करायची.

माझा स्वभाव तापट. मी शाळेत गणित शिकवते आणि वर्गातला आवाज घरी येताना काढून ठेवायचं मला जमत नाही. नवऱ्यापासून दूधवाल्यापर्यंत माझ्या तोंडातून कुणी सुटलेलं नाही. सगळ्यांत जास्त बोलणी आईनं खाल्ली आणि सगळ्यांत जास्त उलट दिलीही तिनंच. एका दिवाळीत आमचं असंच जुंपलं आणि मी हातातलं भांडं आपटून म्हटलं, "कोंबड्या घेऊन ये! सगळ्या घेऊन ये, पण ये!" तिनं भांडं उचलून जागेवर ठेवलं. मग म्हणाली, "ठिवशील कुठं?"

आमचं घर मल्लेश्वरममधलं. भाड्याचं, जुनं, तळमजल्याचं. मागच्या दाराबाहेर मातीची एक लांबट पट्टी, तिथे कढीपत्ता आणि दोरीवर वाळणारे कपडे. पट्टीच्या कडेला कंपाउंडची भिंत, आणि भिंतीपलीकडे वर्षानुवर्षं पडून असलेला प्लॉट, रान माजलेला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मालकीणबाईंनी कोंबड्यांना होकार दिला, कोंबड्याला मात्र साफ नाही म्हणाल्या. पहाटे आरवलेलं त्यांना चालणार नव्हतं.

मग मी कामाला लागले. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मला कळलं की या शहरात कोंबडीचे वैरी खूप आहेत. गल्लीतली कुत्री, मांजरं, खालून उकरत येणाऱ्या घुशी, वरून झडप घालणाऱ्या घारी. बाजारात कोंबडीजाळी म्हणून जी पातळ तारेची जाळी मिळते, तिनं कोंबडी आत राहते, पण कुत्रं दातानं ती फाडू शकतं. म्हणून मी जाड, बारीक चौकोनांची वेल्डेड जाळी घेतली. एका टोकाला विटांवर उचललेलं लाकडी खुराडं, त्याला लागून भिंतीच्या कडेनं जाळीचं लांब आवार, वरून छतालाही जाळी. खाली जाळी बाहेरच्या बाजूला वळवून जमिनीत पुरायची आणि वर दगड ठेवायचे, म्हणजे उकरणाऱ्याला वाट मिळत नाही. नवरा म्हणाला, "आपल्यासाठी एवढं पक्कं घर कधी बांधणार आहेस?" त्यालाही मी दगड उचलायला लावलं.

वेल्डिंगवाला चामराजपेटेतला होता. त्याची माणसं कित्येक पिढ्यांपासून इथलीच, पण घरात अजून मराठी. त्याच्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं की कुठलं काय ते सोडवता येत नसे. "अक्का, वरून जाळी कशाला? कोंबडी काय विमान आहे काय? स्वल्प शीट घालू, सरी होतं की," तो म्हणायचा. स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे ठीक. मी ऐकलं नाही. घारीची नखंसुद्धा आत जाता कामा नयेत, असा माझा हट्ट होता. काम संपल्यावर मी सगळीकडे बोट घालून पाहिलं. बोट जाईल एवढी फट कुठेही नव्हती. मला स्वतःचा फार अभिमान वाटला, तो लपवत नाही.

आई चुलतभावाच्या गाडीतून आली. मांडीवर कपड्यांची पिशवी आणि पायाशी डालग्याखाली झाकलेल्या कोंबड्या. उतरल्या उतरल्या ती घरात न शिरता बाजूच्या बोळातून मागे गेली, जाळीभोवती फिरली, छताकडे पाहिलं.

"तुरुंग बांधलास की गं," ती म्हणाली.

"मग काय मोकळ्या सोडू? कुत्री फाडून खातील!"

"आरडतीस कशाला? आल्यात न्हवं त्या."

पहिले दिवस वाईट गेले. गावाकडे तिच्या कोंबड्या दिवसभर उंडारायच्या आणि दिवे लागताना पेरूच्या झाडावर चढून बसायच्या. इथे त्या जाळीला चोची मारत राहिल्या. मग हळूहळू मातीत लोळू लागल्या, अंडी देऊ लागल्या, आणि आईलाही कंठ फुटला. ती वरच्या बाईंना अंडी पाठवू लागली. त्यांनी परत पाठवलेल्या वाटीत काय आहे ते मला कौतुकानं दाखवू लागली. तिच्या हातात देण्यासारखं काहीतरी होतं. स्वयंपाकघरातले माझे डबे तिनं तिच्या मनासारखे लावले. मी ओरडले, ती उलट ओरडली, नवरा उठून बाहेरच्या खोलीत गेला. मला आतून आनंद झाला होता. पण तिच्या साड्या मात्र पिशवीतच होत्या. कपाटात मी एक खण रिकामा करून ठेवला होता, त्याकडे ती बघतही नव्हती. रोज आंघोळ झाली की पिशवीतून साडी काढायची आणि पिशवीचं तोंड पुन्हा बांधायची.

एका सकाळी ती मागच्या दारातून हात जोडूनच आत आली. "मुंगूस दिसलं," ती म्हणाली. "भितीवरनं उतरून गेलं. माझ्याकडं वळून बघितलं त्यानं."

आमच्याकडे मुंगूस दिसणं शुभ. लहानपणी ओढ्याच्या कडेला ते दिसलं की आम्ही मुली जागच्या जागी थांबायचो आणि त्यानं वळून बघावं म्हणून त्याला गळ घालायचो. आईच्या लेखी तर मुंगूस ज्या घराला येतं ते घर चांगलं, तिथे राहणाऱ्याचं भलं होतं. त्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा पिशवी रिकामी होऊन खुंटीला लटकत होती. साड्या खणात होत्या, घड्या घालून, मध्ये डांबराच्या गोळ्या. मी कपाटाचं दार धरून थोडा वेळ तिथेच उभी राहिले.

मुंगूस कोंबड्यांचं काय करतं, हे मला ठाऊक होतं. व्हिडिओत सगळं सांगितलेलं. मी लगेच मागे जाऊन जाळीचा कोपरान् कोपरा पुन्हा तपासला. पक्की होती. मग आईला काही बोलायचं कारण उरलं नाही. मुंगूस बाहेर, कोंबड्या आत, आणि आई घरात, असं सगळं जमून गेल्यासारखं वाटलं.

आईला मात्र एक गोष्ट खटकत होती. मुंगूस भिंतीवरून उतरायचं, भिंतीच्या कडेकडेनं मोरीच्या तोंडाकडे जायला निघायचं, आणि मध्येच माझी जाळी. तिथे ते उभं राहायचं, हुंगायचं, आणि मागे फिरायचं. "त्याची वाट अडलीया," ती एकदा जेवताना म्हणाली. मी ताट वाढण्याच्या गडबडीत होते. "अडू दे," म्हटलं आणि विसरून गेले.

पुढचं मला नंतर कळलं. जाळीच्या दाराची कडी आईच्या बोटांना जड जात होती, म्हणून मी वेल्डिंगवाल्याला बोलावलं होतं. तो आला तेव्हा मी शाळेत होते. आईनं त्याला चहा दिला आणि मुंगसाची गोष्ट सांगितली. ती निपाणीकडची, तो चामराजपेटेतला, दोघांच्या मराठीत जमीनअस्मानाचं अंतर, पण मुंगसाच्या बाबतीत दोघांचं एकमत झालं. मुंगसाची वाट अडवायची नसते. त्यानं भिंतीच्या कडेला जाळीच्या दोन्ही टोकांना खालून वीतभर तुकडा कापला आणि कुणाला लागू नये म्हणून कडा नीट वळवून दिल्या. एक फट खुराड्याच्या विटांआड गेली, दुसरी मला दिसू नये म्हणून आईनं पुढे एक फुटकी बादली आडवी टाकली.

तिचं काही चुकत होतं असं तिला वाटलं नसणार. गावाकडे मुंगूस परसातून रोज ये-जा करायचं. कोंबड्या कालवा करायच्या, उडून पेरूवर जायच्या, ते निघून जायचं. कोंबडी त्याच्यापासून वाचते ती उडून, हे तिनं जन्मभर पाहिलेलं. इथे वरून जाळी होती, आणि ती मी घातली होती.

त्यानंतर काही दिवसांनी एका दुपारी मी घरी आले तर मागे सामसूम होती. आई पायरीवर बसलेली, पदर तोंडाशी. जेवून तिचा जरा डोळा लागला होता, तेवढ्यात झालं. सगळ्या कोंबड्या आत पडल्या होत्या. एकही नेलेली नव्हती. मुंगूस भूक भागल्यावर थांबत नाही, समोर फडफडतंय तोवर मारत सुटतं. छताच्या जाळीच्या चौकोनांत पिसं अडकली होती, ठिकठिकाणी. कुठे कुठे आदळल्या होत्या ते त्यावरून दिसत होतं. बादली सरकलेली होती आणि तिच्यामागे जाळीच्या त्या नीट वळवलेल्या कडा. आईचं ते "वाट अडलीया" आठवलं आणि मला क्षणात सगळं कळलं.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी आता सुरू होणार म्हणून खांदे आक्रसून बसली होती.

आणि माझ्या मनात आलं, आता एक शब्द जरी वेडावाकडा गेला तर ही जाईल. जन्मात पहिल्यांदाच मी जीभ आवरली. "वेल्डिंगवाल्यानं काम नीट केलेलं दिसत नाही," मी म्हटलं. "जाऊ दे आई. तुझी काय चूक? ऊठ, चहा करते."

ती उठली. चहा घेतला. कप स्वतः धुऊन ठेवला.

त्यानंतर मी तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं. नवऱ्यालाही बजावलं, विषय काढायचा नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरी छान झाली म्हटलं. आंघोळीचं पाणी काढून देऊ लागले. तिची औषधाची गोळी राहिली तर हळू आवाजात आठवण करून द्यायची, असं ठरवून वागत होते. आमच्या घरात इतकी शांतता कधीच नव्हती. वेल्डिंगवाला बाकीचे पैसे न्यायला आला तेव्हा जाळी बघून त्याचा चेहरा पडला. "अक्का, अज्जी म्हणाल्या म्हणून मीच कापलं. मलाही वाटलं, सरीच आहे," त्यानं आपण होऊन सांगितलं. आई दारातच उभी होती. "असू दे, असू दे," मी घाईघाईनं म्हटलं आणि त्याला वाटेला लावलं. वळले तर ती आत गेली होती.

आता तिला कळलं होतं की मला सगळं माहीत आहे, आणि तरी मी गोड बोलते आहे. दुसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, "फ्रिजमधलं ताक घेऊ का गं?" असं तिनं कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "घे की, विचारतेस काय." तेही मी गोडच म्हटलं. नव्या कोंबड्या आणू म्हटलं, तर "कशाला उगं," एवढंच म्हणाली. आठवड्याच्या आत खुंटीवरची पिशवी खाली उतरली होती आणि चुलतभावाला फोन गेला होता.

तो गाडी घेऊन आला त्या सकाळी मी फाटकापाशी तिचा हात धरला. "का जातेस ते तरी सांग."

तिनं दुसऱ्या हातातली पिशवी गाडीत ठेवली. मग म्हणाली, "माझ्यापायी एवढ्या कोंबड्या मेल्या. तुला ठावं व्हतं. एका शब्दानं बोलली न्हाईस मला."

"अगं, तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"पावण्यावर कोन रागवतंय," ती म्हणाली. "जातो मी."

गाडी गेली. मी फाटकात उभी होते आणि मला काय म्हणायला हवं होतं ते सगळं तेव्हा आठवलं. अगं बये, अक्कल गहाण ठेवली होतीस का? कुणाला विचारून जाळी कापलीस? हे मी त्या दुपारी ओरडले असते तर ती म्हणाली असती, तुझ्या त्या छतानंच मारलं त्यांस्नी. आणि ते खरंच होतं. दोघी रडलो असतो, ती रात्री जेवली नसती, सकाळी पुन्हा माझे डबे हलवले असते. मला याचा पश्चात्ताप होतो, आणि तो कुणाला नीट सांगताही येत नाही, कारण ऐकणारा म्हणतो, तुम्ही तर चांगलंच वागलात.

आता मी फोनवर मुद्दाम रागावते. गोळी घेतली नाहीस? थंडीत बाहेर का बसलीस? आवाज चढवते, वर्गात चढवते तसा. पूर्वी ती मला पहिलं वाक्यही पुरं करू देत नसे. आता ती शेवटपर्यंत ऐकून घेते. माझं संपलं की विचारते, "जावईबापू बरं हाइत न्हवं?"