अल्पाकांचं टॉयलेट आणि माझं प्रोबेशन

"मॅडम, मशीन बैठ गया," गुल खान म्हणाला.

मशीन खरंच बसलं होतं. दोन्ही चाकं वाळूत अर्धी रुतलेली, टाकी गच्च भरलेली. चालू करून दहा मिनिटंही झाली नव्हती. ग्लोव्ह घालून मी टाकीत हात घातला. वाळू, वाळू, वाळू आणि मधूनच एखादी लेंडी. नऊ अल्पाका रवंथ करत हा सोहळा बघत उभे होते.

मी मूळची हॉटेलवाली. अठरा वर्षं दुबईच्या हॉटेलांत हाउसकीपिंग केलं. दुबईपासून तासाभरावरच्या उम्म अल कुवैन शहराबाहेर एका अरबी मालकाचं फार्म आहे. ते शाळांच्या सहलींसाठी उघडायचं ठरलं आणि स्वच्छता सांभाळायला मला घेतलं. सहा महिने प्रोबेशन. पसंत पडले नाही तर रामराम. माझा आणि मुलीचा व्हिसा याच नोकरीवर, आणि मुलगी दहावीत. ऐन वर्षात तिला उचलून पुण्याला न्यायची कल्पनाही नको वाटायची. तिला मात्र माझ्या नव्या पदाची अजिबात भीड नव्हती. "सो बेसिकली, मम्मा, यू आर अ पूप मॅनेजर," असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

अल्पाका म्हणजे उंटाच्या भावकीतला बुटका, लोकरीचा आणि कायम नाराज चेहऱ्याचा प्राणी. लेंड्या शेळीसारख्याच, काळ्या आणि वाटाण्याएवढ्या. त्या रोज उचलाव्या लागतात. नाहीतर माश्या होतात, वास सुटतो आणि एकाच्या पोटातले जंत बाकीच्यांना लागतात. त्यात दोन आठवड्यांनी इन्स्पेक्टर येणार होता. त्याने पास केल्याशिवाय फार्मचं गेट उघडणार नव्हतं.

लेंड्या ओढून घेणारं ते मशीन मी व्हिडिओ पाहून मागवलं होतं. व्हिडिओत हिरवंगार गवत होतं. आमच्याकडे औषधालाही गवत नाही. ही बाब माझ्या ध्यानात आली नाही, कारण मशीनचा रंग फार छान होता.

फार्म चालवायचं कंत्राट सावंत सरांकडे, म्हणजे माझे बॉस. ते आले, रुतलेल्या चाकांकडे बघत उभे राहिले.

"कितीला पडलं?"

"साडेसहा हजार दिरहम, सर."

"म्हणजे दीड लाख रुपये." वीस वर्षं इथे काढूनही माणूस वाईट बातमी रुपयांतच मोजतो. "वैशाली मॅडम, दीड लाखात आपण वाळवंट उचलायला निघालो होतो का?"

"सर, दुसरं काहीतरी बघते."

"बघा. पण इन्स्पेक्शनच्या आधी हा विषय खलास झाला पाहिजे. नाहीतर मला मालकाला सांगावं लागेल की माणूस चुकीचं घेतलं."

मग मी साध्या अवजारांवर आले. बागकामाचा रेक, म्हणजे आपलं दाताळं, आणलं. त्याच्या दातांमधून लेंड्या आरामात निसटायच्या. प्लॅस्टिकचा बारीक दातांचा रेक आणला. आठ दिवस उन्हात राहिल्यावर त्याचे दात बिस्किटासारखे तुटायला लागले. फावड्याने उचललं की एक भाग लेंड्या आणि चार भाग वाळू. घमेली भरून भरून गुल खानची कंबर गेली.

शेवटी त्यानेच तोंड उघडलं. हा पेशावरकडचा, पन्नाशीचा, फार्मवर सगळ्यात जुना. "मॅडम, मेरा भाई मुहैस्ना के कॅम्प में है. प्लास्टर का काम करता है. उसका जाली लाऊं?"

मुहैस्ना म्हणजे दुबईतली मजुरांची वस्ती आणि जाळी म्हणजे प्लास्टरची रेती चाळायची मोठी चौकटीची चाळण. ती आली. स्टीलच्या बारीक रेकने लेंड्या गोळा करायच्या, फावड्याने चाळणीवर टाकायच्या, दोन हिसके द्यायचे. वाळू खाली, लेंड्या वर. एकच पथ्य. थंडीत सकाळी दवाने वाळू ओली असते, तेव्हा सगळ्याचा लगदा होतो. म्हणून नऊ वाजेपर्यंत थांबायचं. मी इतकी खूश झाले की गुल खानला आख्खा बिर्याणीचा डबा आणून दिला.

इथे मी थांबायला हवं होतं. पण हॉटेलची सवय वाईट.

अल्पाका कुठेही घाण करत नाहीत. सगळ्यांची मिळून एक जागा ठरलेली असते. आमच्यांनी मागचा कोपरा निवडला होता. इन्स्पेक्शनच्या आदल्या दुपारी मी तो कोपरा रिकामा करायला लावला, खालची वाळू बदलली आणि कुंपणासकट सगळ्यावर पाइनच्या वासाचं जंतुनाशक मारलं.

"मॅडम, थोडा छोड दो," गुल खान म्हणाला.

"गुल खान, गेस्ट के बाथरूम में हम थोडा छोडते हैं क्या?"

त्याने शेवटचं घमेलं उचलून खताच्या खड्ड्याकडे नेलं. मी कोपऱ्याचा फोटो काढून सावंत सरांना पाठवला.

सकाळी सात वाजता पोचले तर गेटपाशी लेंड्या. सावलीच्या शेडमध्ये लेंड्या. चाऱ्याच्या ट्रेखाली, पाण्याच्या टाकीपाशी, "वेलकम" लिहिलेल्या नव्या पायपुसण्यावर लेंड्या. फक्त तो कोपरा लख्ख. इन्स्पेक्टर अकराला येणार होता आणि वाळू दवाने ओली. नऊपर्यंत थांबलो तर उरकणार नव्हतं. चाळण बाद. डोळ्यांसमोर सरळ पुण्याचं तिकीट दिसायला लागलं.

गुल खान खताच्या खड्ड्याकडे गेला आणि जुन्या लेंड्यांची एक बादली भरून आणली. ती त्याने माझ्या चकचकीत कोपऱ्यात ओतली.

"ये क्या कर रहे हो?"

"इनको बास नहीं आता तो जगह नहीं मिलता. मैं रोज देखता है, मॅडम. कल भी बोला था."

बोलला होता खरंच. मला मनापासून लाज वाटली. मी सॉरी म्हटलं आणि दाताळं उचललं. ओल्या वाळूसकट सगळं घमेल्यांत भरलं. वाळवंट उचलायचं तर उचलायचं. साडेदहाला आम्ही दोघं घामाने निथळत होतो.

इन्स्पेक्टरने शेड पाहिली, पाणी पाहिलं, माझं रजिस्टर पाहिलं. मग बोट कोपऱ्याकडे गेलं.

"व्हाय दिस वन नॉट क्लीन?"

सावंत सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार एवढ्यात एक तपकिरी अल्पाका चालत आला. त्याने ढीग हुंगला, गोल वळला आणि पाय फाकवून बसला. त्याच्या मागे आणखी दोघं येऊन शांतपणे उभे राहिले.

"दे आर वेटिंग?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"येस सर. दिस इज देअर टॉयलेट. वी क्लीन डेली, बट वी लीव्ह वन शॉवेल. अदरवाइज दे गो एव्हरीव्हेअर."

तिघांचंही आटपेपर्यंत तो उभा राहून बघत होता. नंतर त्याने लिहायला घेतलं.

फार्म पास झालं. महिनाअखेर प्रोबेशनचे सहा महिने भरले, माझी नोकरी पक्की झाली आणि मुलीची दहावी इथेच झाली. इन्स्पेक्टरच्या रिपोर्टची कॉपी मी शेडमध्ये लावली आहे. रिमार्कमध्ये एकच ओळ आहे: कोपऱ्यातला ढीग पूर्ण साफ करू नये. चकचकीत ठेवण्यासाठी पगार घेणाऱ्या बाईला असा लेखी हुकूम बहुधा पहिल्यांदाच मिळाला असेल. टॉयलेट कसं हवं ते वापरणाऱ्याकडे बघून ठरवावं. मी अठरा वर्षं फक्त धुणारीला, म्हणजे स्वतःलाच, विचारत आले होते.