तुतीचं माप

गल्लीतल्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. बायको गेल्याला सव्वा वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून मास्तरांकडे एकच शब्द शिल्लक होता: "बघू." चहा घेणार? बघू. पॅन्ट शुक्रवारी मिळेल? बघू. पॅन्ट मात्र शुक्रवारीच मिळायची. हात आपले आपण काम करत, मास्तर नुसते सोबतीला बसत.

पुढे दुकान, वर एक खोली, मागे अंगण आणि अंगणात तुतीचं थोराड झाड. मुलगी आपल्या लेकीला घेऊन कायमची राहायला येते म्हणत होती, पण अंगणात एक खोली बांधली तरच ते जमणार होतं. तिच्या भाड्याच्या घराचा करार महिनाअखेरीला संपत होता. नवा करायचा की सामान बांधायचं, एवढंच तिला बाबांकडून कळायला हवं होतं.

बांधकाम परवानगीच्या अर्जात झाडासाठी एक रकाना होता: छातीच्या उंचीवर खोडाची जाडी. त्या जाडीच्या बारापट अंतरापर्यंत मुळं पसरलेली धरायची आणि तेवढ्या गोलात पाया खणायचा नाही, असा नियम. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि गिऱ्हाइकाच्या छातीला घालावी तशी खोडाभोवती घातली. टोकाला टोक लागून टेप संपली, दीडशे सेंटिमीटर. अंगाला सैल बसावं म्हणून, चाळीस वर्षांच्या सवयीनं वर सात लूज धरले आणि रकान्यात लिहिलं, एकशे सत्तावन्न.

आठ दिवसांत नकार आला. सोबत नकाशा. झाडापासून जवळजवळ एकोणीस मीटरपर्यंत लाल वर्तुळ, आणि त्यात अंगण, दुकान, वरची खोली, शेजाऱ्याची मोरी, सगळं सुखानं नांदत होतं. मास्तरांनी कागद इस्त्रीच्या कपड्यांच्या घडीखाली सारला.

मुलीचा फोन आला. "बाबा, परवानगीचं काय झालं?"

"नाही म्हणाले."

"मग? जाऊन विचारलंत का, का नाही म्हणून?"

"बघू."

"आईच्या वेळीही डॉक्टरांना तुम्ही बघूच म्हणाला होतात."

बोटात लोखंडी टोपण घालून सुई दाबली की टोचल्याचं कळतं, दुखत नाही. मास्तरांना तसं कळलं.

महिना संपायला चार दिवस असताना ठेकेदार पॅन्टचं माप द्यायला आला. त्याचं पोट त्याच्याआधी दुकानात शिरायचं, आणि दर दोन वाक्यांनी 'विषय संपला' म्हणूनही त्याचा विषय कधी संपायचा नाही.

"मास्तर, तुतीची दोन मुळं गपचूप तोडू. झाड काय तक्रार करायला जातंय? विषय संपला!"

"हात वर करा."

"आणि वाळलंच तर वाळलं. वहिनी तरी कुठं खूश होत्या त्याच्यावर? पांढऱ्या सदऱ्यावर जांभळा डाग पडला की कशा झाडाला ओरडायच्या, 'अगं भवाने, गिऱ्हाइकाचा आहे गं तो!'"

आवाज इतका हुबेहूब निघाला, की मास्तरांचा हात थांबला. आत मात्र काही हललं नाही.

"कंबर एकशे वीस," ते म्हणाले.

"एकशे वीस?" ठेकेदारानं दोन्ही हात फाकून हवेत तेवढं अंतर धरलं. "एवढा जाड मी? अहो, तुमच्या दारातच अडकलो असतो! मग दुकानाचाच विषय संपला!"

मास्तर त्या फाकलेल्या हातांकडे बघत राहिले. मग दाराकडे.

"ते भोवतालचं माप," ते सावकाश म्हणाले. "जाडी नव्हे."

त्यांनी घडीखालचा कागद ओढला, ठेकेदाराला अर्ध्या मापात तसाच उभा ठेवला आणि चपला घालून निघाले.

कचेरीतल्या नकाशेवाल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "जाडीच्या जागी घेर लिहिलात होय! आणि हे वरचे सात कुठले?"

"लूज."

"झाडाला लूज?"

"वाढतं अंग आहे."

बाई हसल्या, शेजारच्या टेबलाला सांगून पुन्हा हसल्या. मास्तर उभे होते. दीडशेच्या घेराची जाडी निघाली अठ्ठेचाळीस, वर्तुळ पावणेसहा मीटरवर आलं. खोलीची भिंत सव्वासहावर होती. "उद्या आमचा माणूस येऊन मोजेल, बरोबर निघालं तर परवा कागद. मात्र आधी मुळांभोवती कुंपण घालायचं. आणि यंत्र नाही, हातानं खणायचं."

तिसऱ्या दिवशी कागद मिळाला. मास्तरांनी मुलीला फोन लावला.

"ये."

"बघू नाही?"

"नाही. ये."

पलीकडे ती रडायला लागली. आपल्यालाही रडू येतंय का, याची मास्तरांनी थोडा वेळ वाट पाहिली. नाही आलं. "सावकाश ये," म्हणाले आणि फोन ठेवला.

मग मागे जाऊन पावणेसहा मीटरवर खुंट्या ठोकल्या. कुंपणाला दोरी पुरेना, तेव्हा झाडाला बांधलेली कपडे वाळत घालायची दोरी सोडायला घेतली. गाठ बायकोच्या हातची होती, दात लावल्यावर सुटली. ती दोरी जोडून सगळ्या खुंट्यांवरून फिरवली. शेवटी वीतभर उरली. मास्तरांनी कात्री काढली, थोडा वेळ हातात धरली आणि परत खिशात ठेवली.